करार वाचून दाखवा, गाऱ्हाण्यासारखा

प्रति,
मा. संचालक,
सांस्कृतिक कार्य संचालनालय,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

महोदय,

कुडाळच्या तहसील कार्यालयासमोर माझं टायपिंगचं टेबल आहे. २१ वर्षं मी तिथे बसते. वारस नोंदीचे अर्ज, प्रतिज्ञापत्रं, भाडेकरार, साठेखतं, हमीपत्रं सगळं टाइप करते. माझे वडील दशावतारी मंडळात पेटीवर बसायचे. त्यांना सगळे बुवा म्हणत. कागद आणि पेटी या दोन्हींच्या मध्ये मी वाढले, म्हणून लोककलावंतांकडून सही करून घेतल्या जाणाऱ्या करारांबद्दल हे पत्र लिहायचं धाडस करते आहे. खुलं लिहिते, कारण त्यातलं बरंचसं माझ्या जिल्ह्यातल्या कलावंतांनीही वाचावं असं मला वाटतं.

आधी माझी चूक सांगते.

सात वर्षांपूर्वी पिंगुळीचे एक ठाकर कलावंत माझ्या टेबलाशी आले. वय सत्तरीच्या आसपास. चित्रकथी, म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट, सांगणारे, बाहुल्या नाचवणारे. सोबत किनाऱ्यावरच्या एका रिसॉर्टचा माणूस होता. रिसॉर्टच्या जेवणघराच्या भिंतीवर रामायणातले प्रसंग चित्रकथीच्या शैलीत काढून द्यायचे आणि महिन्यातून दोनदा पाहुण्यांसमोर खेळ करायचा, असं ठरलं होतं. भिंतीचे १८,००० रुपये. मसुदा त्या माणसाच्या मोबाइलवर होता, इंग्रजी, पाच पानी. मला फक्त नावं, पत्ता, तारीख घालून स्टॅम्पवर उतरवून द्यायचं होतं. मी उतरवलं. आजोबांनी सही करायला पेन घेतलं आणि थांबून मला विचारलं, "बाय गो, ह्यात काय लिवलेला आसा?"

मी म्हटलं, "नेहमीचाच आसा ओ."

त्यांनी सही केली. दोन्ही प्रती तो माणूस घेऊन गेला. आजोबांच्या हाती काहीच राहिलं नाही, आणि ते मला त्या वेळी खटकलंही नाही.

तीन वर्षांनी ते परत आले. पिशवीतून एक कप काढला, उशीचा अभ्रा काढला आणि माझ्या टेबलावर ठेवला. त्यांचा मारुती कपावर होता. तीच लांब बोटं, तोच पुढे आलेला मोठा डोळा. नातवाला ते पणजीच्या एका दुकानात दिसलं होतं आणि त्याने विकत आणलं होतं. कुठेही नाव नाही. "पिंगुळी" हा शब्दसुद्धा नाही. त्यांनी मला एवढंच विचारलं, "ह्यात माका काय गावात?" म्हणजे, यात मला काय मिळणार?

माझ्या कॉम्प्युटरवर ती फाइल होती. मी ती उघडली आणि पहिल्यांदाच वाचली. याआधी फक्त टाइप केली होती. चौथ्या पानावर लिहिलं होतं की भिंतीवरचं चित्र, त्यासाठी काढलेली सगळी कच्ची रेखाटनं आणि खेळाचं कुठलंही चित्रीकरण यांचे सर्व हक्क, आज असलेल्या आणि पुढे शोध लागेल त्या सर्व माध्यमांत, कायमस्वरूपी, अखिल विश्वात, कंपनीकडे राहतील. खरंच विश्व लिहिलं होतं. पृथ्वीवर त्यांचं भागत नव्हतं. आणि मी त्याला "नेहमीचाच" म्हटलं होतं.

खोटं बोलले नव्हते मी. असा करार नेहमीचाच आहे. सिंधुदुर्गापासून पालघरपर्यंत कलावंतांपुढे येतो तो कागद थोड्याफार फरकाने हाच असतो. म्हणून तर पत्र लिहिते आहे.

त्यानंतर मी कायदा वाचायला घेतला. वकील नाही, पण कलमं वाचून समजतात एवढा सराव २१ वर्षांत झालाय. तालुका विधी सेवा समितीतल्या वकीलताईंनी जिथे अडलं तिथे शिकवलं. जे कळलं त्यातलं एक कलम तर मी अजून पचवू शकलेले नाही.

कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्याचं कलम १७ सांगतं की कलाकृती ज्याने केली तो तिचा पहिला मालक. इथवर ठीक. पण त्याच कलमात पुढे अपवाद आहेत. पैसे देऊन कुणी फोटो काढून घेतला, चित्र किंवा व्यक्तिचित्र काढून घेतलं, तर उलट काही ठरलेलं नसेल तेव्हा पहिला मालक पैसे देणारा. म्हणजे आमच्या आजोबांनी त्या कागदावर सही केली नसती, नुसतं तोंडी ठरवून भिंत रंगवली असती, तरी त्या चित्राचा हक्क रिसॉर्टकडे गेला असता!

हे मी मुद्दाम ठळक सांगते, कारण आमच्याकडे लोकांचा समज याच्या बरोबर उलटा आहे. "कागदच नको, कागद केला की अडकलो" असं पिंगुळीत म्हणतात. डहाणू-जव्हारच्या बाजूची वारली चित्रं काढणारी दोन मुलं एकदा प्रदर्शनात भेटली, तीही तेच म्हणाली. गाणारा, वाजवणारा, नाचणारा असेल तर गप्प राहण्यात फारसं बिघडत नाही, कारण लेखी दिल्याशिवाय त्याचा हक्क दुसऱ्याकडे जात नाही. पण ऑर्डरवर चित्र काढणाऱ्याचं गप्प राहणं त्याच्याच विरुद्ध वाचलं जातं. त्याला कागद हवाच. त्यावर एक ओळ हवी: चित्राचा कॉपीराइट चित्रकाराकडे राहील, घेणाऱ्याला ते अमुक भिंतीवर ठेवण्याचा हक्क. एवढी एक ओळ असती तर तो कप निघाला नसता. चित्र काढणाऱ्यासाठी वेगळा करार आणि खेळ करणाऱ्यासाठी वेगळा, हे आपल्या खात्याने पहिल्यांदा समजून घ्यावं अशी माझी विनंती आहे. दोघांना एकच छापील अर्ज देऊन भागणार नाही.

याच गोष्टीला आणखी एक गाठ आहे. कलम ५३ अ. मूळ चित्र पुढे १०,००० रुपयांहून जास्त किमतीला पुन्हा विकलं गेलं, तर त्या विक्रीत चित्रकाराला किंवा त्याच्या वारसांना वाटा मागता येतो. जास्तीत जास्त १० टक्के. कॉपीराइट विकून टाकला असला तरीही. डहाणू तालुक्यातल्या जिव्या सोमा म्हशांना २०११ साली पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. वारली चित्रं आज मोठ्या शहरांतल्या लिलावांत जातात. या पिढीतला एखादा चितारी आज दोन हजाराला कागद विकतो, त्याची किंमत वीस वर्षांनी काय होईल कुणी सांगावं? पण हा वाटा मिळायला अट अशी की तो चितारी कलम १७ प्रमाणे पहिला मालक असला पाहिजे. ऑर्डरवर काढलं, करारात काही लिहिलं नाही, की मालकी पहिल्या दिवशीच गेली आणि तिच्यामागोमाग नातवंडांचा वाटाही गेला. मला माहीत असलेल्या एकाही चितारी घरात हे कलम कुणी ऐकलेलं नव्हतं.

आता वडिलांचं सांगते.

२००६ सालची गोष्ट. व्हीसीडीचे दिवस. एका कंपनीने मंडळाला बोलावलं, एका हॉलमध्ये चार दिवसांत सात नाटकं लावून घेतली. रोजची नाईट मिळते तेवढीच मिळाली, वर जेवण. दशावतारात संहिता नसते हे आपल्याला ठाऊक असेल. कथानक ठरलेलं, बाकी संवाद नट रंगमंचावर उभे राहून रचतात, बुवा त्याच क्षणी पद उचलतात. त्या चार दिवसांत रचलेलं सगळं त्या तबकड्यांत गेलं. सही घेतली होती कोऱ्या स्टॅम्पपेपरवर, "मजकूर मागाहून भरू" म्हणून. पुढच्या वर्षी आंगणेवाडीच्या जत्रेत बाबांनी एका दुकानात स्वतःची पेटी ऐकली. ४० रुपये देऊन ती व्हीसीडी घेतली. घरी प्लेअर नव्हता. बाबांनी ती देवघराच्या फळीवर ठेवली आणि म्हणाले, "आपलोच आवाज इकत घेवचो लागलो." ते वारल्यावर मी ती उघडली. आतली तबकडी बुरशीने गेली होती.

बाबांच्या वेळी कायदा दुबळा होता. एकदा चित्रीकरणाला होकार दिला की कलावंताचा हक्क संपायचा. २०१२ साली तो बदलला. आता खेळ करणाऱ्याचा स्वतंत्र हक्क आहे. त्याच्या परवानगीशिवाय रेकॉर्डिंग करता येत नाही, प्रसारित करता येत नाही, आणि हा हक्क ५० वर्षं टिकतो. लेखी होकार देऊन चित्रीकरण केलं तरी व्यापारी वापर झाला तर मानधनाखेरीज रॉयल्टीचा हक्क राहतो. त्याचं नाव लावलं पाहिजे, त्याच्या खेळाची मोडतोड करून बदनामी होईल असं काही करता येत नाही. "खेळ करणारा" म्हणजे कोण, याची यादी कायद्यातच आहे. नट, गायक, वादक, नर्तक यांच्यासोबत डोंबारी, जादूगार आणि गारुडीसुद्धा आहेत. ती यादी वाचताना मला फार बरं वाटलं. पांगुळबैल घेऊन पहाटे दारी येणाऱ्या माणसालाही त्या कायद्यात जागा आहे. पण त्याला हे सांगणार कोण?

आज व्हीसीडी नाही, मोबाइल आहे. जत्रेत पहिल्या रांगेत तिपाई लावून रात्रभर अख्खा प्रयोग चित्रित होतो आणि सकाळी इंटरनेटवर चढतो. काही मुलं प्रेमाने करतात, त्यांच्यामुळे मुंबईचे चाकरमानी आपल्या गावचा दशावतार बघतात, मंडळांची नावं दूरवर जातात. मी त्यांच्या विरोधात नाही. पण जिथे जाहिरातीचे पैसे येतात तिथे मंडळाशी दोन ओळींचं बोलणं तरी झालेलं असावं. बहुतेक मंडळांचा करार देवस्थान समितीशी असतो, तोही तोंडी. तारीख, बिदागी, जेवण, गाडीखर्च. रेकॉर्डिंगचा विषय त्यात नसतोच. तो घालायला हवा, आणि मंडळांनी तो स्वतः घालावा म्हणून त्यांना कुणीतरी मसुदा द्यायला हवा.

मसुद्यात काय असावं हे सांगताना कायद्यातली आणखी एक गोष्ट मांडते. हक्क देण्याचा करार लेखी आणि सहीचा असावा लागतो, नाहीतर तो करारच नाही. कुठलं काम, कुठले हक्क, किती वर्षं, कुठल्या प्रदेशात, किती मोबदला हे त्यात लिहावं लागतं. वर्षं लिहिलीच नाहीत तर पाच वर्षं धरतात. प्रदेश लिहिला नाही तर भारत. आणि हक्क घेऊन वर्षभर त्याचा काहीच वापर केला नाही तर, उलट काही ठरलेलं नसेल, तो हक्क परत कलावंताकडे येतो. करार झाला तेव्हा जे माध्यम अस्तित्वात किंवा बाजारात नव्हतं, ते स्पष्ट लिहिल्याशिवाय करारात येत नाही. कायद्याने रिकाम्या जागा कलावंताच्या बाजूने भरून ठेवल्या आहेत. म्हणूनच त्या पाच पानी मसुद्यांत "कायमस्वरूपी" आणि "अखिल विश्वात" हे शब्द एवढे काळजीपूर्वक घातलेले असतात. तिकडचा वकील कायदा वाचून आलेला असतो.

न्यायक्षेत्राचं कलमही तसंच. कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्काचं उल्लंघन झालं तर फिर्यादी जिथे राहतो तिथल्या जिल्हा न्यायालयात दावा लावता येतो. कुडाळच्या माणसाला ओरोस. करारात मात्र शेवटच्या पानावर बारीक अक्षरात असतं, सर्व वाद मुंबईत किंवा बंगळुरूत, लवादापुढे. रात्रभर रेल्वेत बसून, वकिलाची फी देऊन, कपावरच्या मारुतीसाठी कोण जाणार? ते कलम नुसतं वाचूनच माणूस गप्प बसतो, आणि ते घातलेलंही त्यासाठीच असतं.

स्टॅम्पपेपरचा धाकही मोठा. "स्टॅम्पावर आसा, म्हणजे खरा आसा." २०२४ च्या ऑक्टोबरपासून शंभराच्या जागी पाचशेचा स्टॅम्प लागू झाला, तेव्हा तर हा धाक आणखी वाढला. मी रोज सांगते की स्टॅम्प म्हणजे सरकारचा कर. त्यावर लिहिलेलं न्यायाचं आहे की अन्यायाचं, ते स्टॅम्पला कळत नाही.

भौगोलिक मानांकनाबद्दलही लोकांचा घोटाळा आहे. वारली चित्रकलेला ते मिळालेलं आहे, आणि मिळालं ते चांगलंच झालं. पण त्याने वारली हे नाव जपलं जातं, त्या समाजाबाहेर भलत्याच मालावर ते लावता येत नाही. एका चिताऱ्याने एका कंपनीला कुठलं चित्र कशासाठी दिलं, हे त्या मानांकनात नाही. ते करारातच लिहावं लागतं.

आणि काही गोष्टी विकायच्याच नसतात, त्याही लिहाव्या लागतात. वारल्यांच्या लग्नातला चौक सवासिणी काढतात, त्यात पालघट देवी बसते, लग्न लावणारी धवलेरी गाते. तो चौक पायपुसण्यावर छापलेला मी पाहिलाय. दशावताराच्या पेटाऱ्याची पूजा झाल्याशिवाय प्रयोग उभा राहत नाही. एखाद्या इव्हेंटवाल्याला तो पेटारा स्वागतकक्षात सजावट म्हणून हवा असतो. कलावंताला नाही म्हणायची लाज वाटते, पैसे तर घेतलेले असतात. करारात आधीच एक ओळ असली की अमुक चित्र, अमुक विधी, अमुक वस्तू या व्यवहारात नाही, तर नाही म्हणायचं ओझं त्या एकट्यावर पडत नाही. माझ्या मते ही ओळ पैशाच्या ओळीच्याही वर असावी.

ऑस्ट्रेलियातली एक हकीकत मी वाचली, ती मनातून जात नाही. आल्बर्ट नामाटजिरा नावाचे आदिवासी चित्रकार, जलरंगात आपल्या मुलखातले डोंगर आणि झाडं रंगवायचे, देशभर नाव झालेलं. १९५७ साली त्यांनी एका प्रकाशकाशी करार केला. साडेबारा टक्के रॉयल्टी. १९५९ मध्ये ते वारले. पुढे त्यांची मालमत्ता सांभाळणाऱ्या सरकारी विश्वस्ताने १९८३ साली कुटुंबाला न विचारता तो कॉपीराइट त्याच प्रकाशकाला ८,५०० डॉलरला विकून टाकला. रॉयल्टी थांबली. नातवंडं-पतवंडं झगडत राहिली आणि २०१७ साली तो हक्क त्यांच्या ट्रस्टकडे परत आला, एका डॉलरला. ३४ वर्षं! आणि विकणारा कुणी लुच्चा दलाल नव्हता, सरकारी विश्वस्त होता. त्याच देशात आज कलावंतांसाठी काम करणारे वकील दूरच्या आदिवासी वस्त्यांवर जातात, करार समजावून सांगतात, नमुना करार हाती देतात. आपल्याकडे हे का होऊ नये?

कारण पायाभूत गोष्टी आपल्याकडे आहेत. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे अनुसूचित जमातीच्या माणसाला आणि कुठल्याही स्त्रीला मोफत वकील मिळतो, त्यासाठी उत्पन्न बघत नाहीत. प्रत्येक जिल्ह्यात प्राधिकरण आहे, तालुक्याला समिती आहे, १५१०० हा फोन आहे. पण आमचा कलावंत तिथे जातो तो भांडण झाल्यावर. सही करण्याआधी तिथे जाता येतं हे त्याला कुणी सांगितलेलं नाही. आपलं खातं आणि विधी सेवा प्राधिकरण यांनी एकत्र बसून प्रत्येक जिल्ह्यात महिन्यातला एक दिवस "करार वाचून घ्या" म्हणून ठेवला, तर इमारत बांधायला नको, नवीन पद निर्माण करायला नको.

माझं मुख्य मागणं मात्र वेगळं आहे, आणि ते मला देवळात सुचलं.

आमच्याकडे जत्रेला गाऱ्हाणं घालतात. मानकरी देवासमोर उभा राहतो, गावच्या देवांची नावं घेतो, मग ज्याच्यासाठी गाऱ्हाणं आहे त्याचं नाव, काय मागणं, काय देणं, कधीपर्यंत, सगळं मोठ्याने बोलतो. प्रत्येक वाक्यानंतर जमलेली माणसं म्हणतात, "व्हय म्हाराजा." ज्याला लिहिता-वाचता येत नाही त्यालाही काय ठरलं ते कळतं. गाव साक्षीला असतो. उद्या कुणी म्हणू शकत नाही की मला माहीत नव्हतं.

भारतीय करार कायदा १८७२ चा. त्याच्या कलम १३ मध्ये संमतीची व्याख्या आहे: दोघांनी एकच गोष्ट एकाच अर्थाने मान्य करणं. ते वाचलं तेव्हा माझ्या कानात "व्हय म्हाराजा"च वाजलं. आजोबांनी त्या पाच पानांवर सही केली तेव्हा एकच गोष्ट एकाच अर्थाने मान्य झाली होती का? त्यांच्या मनात भिंत होती. कंपनीच्या मनात कप होते.

म्हणून माझं मागणं हे, की कलावंताशी होणारा करार मराठीत असावा आणि सहीआधी तो चार माणसांत मोठ्याने, थांबत थांबत, कलावंताच्या बोलीत वाचून दाखवावा. मालवणी असो, वारली असो, ठाकरी असो. प्रत्येक कलमानंतर कलावंताने त्याच्या शब्दांत परत सांगावं. समजा असं:

"भिंतीरचा चित्र भिंतीरच रवतला. कपार नाय, पडद्यार नाय."
"व्हय म्हाराजा."
"कपार घालूचा झाला तर परत इचारूचा, परत पैशे देवचे."
"व्हय म्हाराजा."
"चित्राखाली नाव आसतला."
"व्हय म्हाराजा."

हे वाचन कुणाच्याही मोबाइलवर रेकॉर्ड करून दोघांकडे ठेवावं. वाचन आणि सही यांच्यामध्ये निदान आठ दिवस जाऊ द्यावेत, म्हणजे घरी मुलांना, शाळेतल्या गुरुजींना, कुणालातरी दाखवता येईल. आणि सही झाल्याबरोबर एक प्रत कलावंताच्या हातात पडावी. ही शेवटची गोष्ट फार साधी वाटेल, पण माझ्याकडे तक्रारी घेऊन येणाऱ्यांपैकी बहुतेकांकडे त्यांचा स्वतःचा करारच नसतो. मी काय वाचणार आणि वकीलताई काय वाचणार?

खासगी रिसॉर्टवर आपण जबरदस्ती करू शकत नाही, हे मला कळतं. पण सरकार स्वतः महोत्सव भरवतं, लोककलावंतांना बोलावतं, शिबिरं घेतं, कार्यालयांच्या भिंती रंगवून घेतं. सुरुवात तिथून करावी. आपल्या खात्याच्या कार्यादेशासोबत दोन पानी मराठी करार जोडावा. कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग कशासाठी आणि किती वर्षं वापरणार ते त्यात लिहावं. भिंतीवरच्या चित्राचा कॉपीराइट चितारी स्वतःकडे ठेवतो असं लिहावं. नाव कुठे आणि केवढ्या अक्षरात लागेल ते लिहावं. पैसे किती दिवसांत, कर कापला तर त्याचा दाखला केव्हा, तेही. एकदा सरकारी कागद असा निघाला की मी माझ्या टेबलावर तोच मसुदा पुढे करीन आणि रिसॉर्टच्या माणसाला सांगेन, सरकार असं करतं, तुम्हीही करा. आज माझ्याकडे दाखवायला काहीच नाही. त्यांच्या मोबाइलमधला मसुदा, नाहीतर कोरा स्टॅम्प.

आजोबांचं पुढे काय झालं ते राहिलं. वकीलताईंनी कॉपीराइट कायद्याचं कलम ५७ काढलं. हक्क विकून टाकला तरी कलाकृती आपली आहे असं सांगण्याचा हक्क करणाऱ्याकडेच राहतो, तो त्या कागदाने जात नाही. नोटीस गेली. पैसे मिळाले नाहीत, चौथ्या पानाने ते दार बंदच केलं होतं. पण पुढच्या खेपेच्या कपांच्या तळाला त्यांचं नाव आणि "पिंगुळी, ता. कुडाळ" असं छापून आलं. एक कप त्यांनी मला आणून दिला. तो टेबलावर पेनं ठेवायला आहे. नव्या करारासाठी कुणी आलं की मी तो उलटा करून नाव दाखवते आणि मगच मसुदा मागते. इंग्रजी असेल तर मराठी करून वाचून दाखवते. या वाचनाचे पैसे मी घेत नाही. टायपिंगचे घेते.

पण एक टेबल कुडाळला असून काय होणार? देवगडला कोण वाचतं, गुहागरला कोण, तलासरीला कोण?

तुळशीचं लग्न झालं की जत्रा सुरू होतील, मंडळं पेटारे बाहेर काढतील, पर्यटनाचा हंगामही तेव्हाच लागतो आणि माझ्या टेबलावर मसुदे येऊ लागतात. दोन पानी नमुना त्याआधी तयार व्हावा, ही विनंती. कच्चा मसुदा मी वकीलताईंकडून तपासून या पत्रासोबत जोडला आहे, एक चित्रासाठी, एक खेळासाठी. दोन्ही मी मंडळातल्या जाणत्यांना आणि पिंगुळीतल्या बायकांना मोठ्याने वाचून दाखवले. जिथे त्या "व्हय" म्हणायच्या थांबल्या, ती वाक्यं मी बदलली आहेत.

आपली,
कुडाळ तहसील कार्यालयासमोर टायपिंग करणारी,
एका दशावतारी बुवांची मुलगी